पोरं झाली आणि घरची बोली आठवली: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मी करते, मग तुम्ही लिहा. बेळगावात कुणाच्या घरी एकच बोली असते म्हणा!

टिळकवाडीहून
माझी आजी फोंड्याकडची, लग्न होऊन बेळगावात आली. 1955 साली गोव्याची हद्द बंद झाली, कॅसल रॉकच्या पुढे आगगाडी जाईना. 1961 च्या डिसेंबरात गोवा सुटेपर्यंत तिला माहेर दिसलं नाही. तेवढ्या वर्षांत तिची कोकणी मागे पडली ती पडलीच. बोलणार कुणाशी? चुकून 'का'ला 'कित्याक' म्हणाली की आम्ही नातवंडं खिदळायचो. आता लाज वाटते.

गेल्या वर्षी मुलाला शाळेत 'घरातला जुना पदार्थ' सांगायचा होता. आईला विचारलं, तर म्हणाली, बांगड्याची उडदामेथी, त्यात तेफळं, म्हणजे तिरफळं, हवीत. रविवार पेठेत मागितली, तर दुकानदारानं त्रिफळा चूर्णाचा डबा पुढे केला. पोट साफ होतं म्हणाला. तिसऱ्या दुकानात मिळाली. घरी येऊन तशीच अख्खी टाकली आणि सगळी आमटी कडू! मग आईला आठवलं, आजी पडवीत बसून एकेक फळ उकलायची, आतली काळी बी फेकायची आणि नुसती सालं ठेवायची. दुसऱ्या खेपेला मुलानंच बिया वेचल्या. एक साल चावून बघितली आणि ओरडला, "आई, जीभ झोपली!" आजी हयात असती तर तिला सांगितलं असतं.

अनगोळ, सध्या पुण्यात
पुण्यात आठ वर्षं राहून मी माझी भाषा धुऊन इस्त्री करून घेतली होती. 'करूलालो'चं 'करतोय' झालं. टाळेबंदीत बेळगावला राहिलो, तेव्हा लेक चार वर्षांची होती. महिनाभर आजीच्या मागे मागे फिरली आणि एक दिवस ताटावरून हाक आली, "मी जेवूलालो!" बायको पुण्याची. तिला आधी 'लालो' कळेना, मग मुलगी असून 'लालो' का, हे कळेना. आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे समजावता समजावता मीच तसं बोलायला लागलो. आता लेक शाळेत 'जेवतेय' म्हणते, फोनवर आजीशी 'जेवूलालो'. तिला कुणी शिकवलेलं नाही. मी मात्र ऑफिसात अजून इस्त्रीचंच बोलतो.

खानापूर, सध्या मस्कत
आमचं थोडक्यात. येताना मांडे आणले, विमानात त्यांचा चुरा झाला. मी रडकुंडीला आले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बरं झालं गे, नाहीतर तूच चुरणार होतीस." दूध-तूप घालून पोरांनी वाटीभर खाल्लं. एवढा मोठा मांडा हातावर कसा पसरतात आणि उलट्या खापरावर कसा भाजतात, ते त्यांना अजून पटलेलं नाही. पुढच्या सुट्टीत दाखवायचंय.

निपाणीहून
मी माहेरची कन्नड, धारवाडकडची. सासरी सगळे मराठी. कुणी बंदी केली नव्हती, पण मीच गप्प झाले. सीमेवरची सून आपोआप जरा जपून बोलते. एण्णीगाई करायचे, ताटात वाढताना 'भरली वांगी' म्हणायचे.

मुलाला शाळेत कन्नड आलं आणि गृहपाठाला सासऱ्यांनीच मला हाक मारली. आता तो धडा माझ्या आईला फोनवर वाचून दाखवतो. ती आधी "ऊटा आतेनऽ?" म्हणजे जेवण झालं का विचारते, तो "आतू", झालं, म्हणतो, मग धडा. घरात मराठी आजी आणि फोनवर कन्नड अज्जी, यावरून रोज गोंधळ व्हायचा. परवा फोन वाजला, सासूबाईंनी आतून विचारलं, "कुणाचा रे?"

पोरगं म्हणालं, "आखूड अज्जीचा!"