कोल्हापूरचं शाहू स्टेडियम: पाऊस थांबला तरी फुटबॉल मॅच पुढं का ढकलली?

पेठकर: वळीव पाचला थांबला, तरी सेमीफायनल पुढं ढकलली. गवत तर हिरवंगार दिसत होतं. एवढ्यानं मॅच होत नाही व्हय?

लेफ्टबॅक: भावा, गॅलरीतून गवतच दिसतंय. रेफरी बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडतो. थप करून तिथंच बसला की विषय संपला. मग जमिनीलगत पास मारून बघतो. गोलच्या तोंडाशी बॉल अडत असेल तर बाकी मैदान कोरडं असून उपयोग नाही.

पेठकर: मग वाळू टाकायची की!

मैदानवाला: तिथंच घोळ होतो. साचलेल्या पाण्यात वाळू ओतली की वर चिखलाचा थर बसतो, पाणी खाली मुरतच नाही. आधी स्पंजनं पाणी उचलायचं, मग दातेरी काट्यानं १०-१५ सेंटीमीटर खोल भोकं पाडायची, कोरडी वाळू शेवटी आणि तीही थोडीच. रोलर अजिबात नको, ओली माती दबून घट्ट होते.

लेफ्टबॅक: आणि अर्ध्यात थांबवली असती तर? स्पर्धेचा वेगळा नियम नसेल तर फुटबॉलच्या नियम ७ प्रमाणं मॅच पहिल्यापासून. २-० नं पुढं असलास तरी ०-० पासून सुरुवात.

पेठकर: तिकीट तेच चालंल काय?

मैदानवाला: ते आयोजक सांगतील. तोवर फाडू नका.