नवी टाकी नको, आधी शोषखड्डा बघा
दादा, दोन महिन्यांपूर्वी सेप्टिक टाकी उपसली तरी संडास परत तुंबतोय म्हणताय, मग नवी टाकी बांधायची घाई करू नका, आधी शोषखड्डा, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, बघा. आमच्याकडं सांगलीत काळी माती, त्यात पावसाळ्यात कृष्णा चढली की जमिनीतलं पाणी पण वर येतं आणि खड्डा पाणी प्यायचंच बंद करतो. आमचं हेच झालेलं, टाकीचं झाकण काढलं तर पाणी खड्ड्याकडं जाणाऱ्या आउटलेटच्या पाइपाच्या वर तुंबलेलं. अंघोळीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी वेगळा पाइप टाकून केळीला सोडलं, गळका फ्लश बदलला, लगेच फरक पडला. अ‍ॅसिड बदाबदा ओतू नका, आतले जिवाणू मरतात. आणि कुणी स्वस्तात करतो म्हटलं तरी माणूस आत उतरवू नका हो, विषारी वायूनं मिनिटात जीव जातो, हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं बंदीच आहे. उपसायला गाडीच बोलवा.