घरच्या स्विमिंग पूलला वेगळं कुंपण लागतंच का? (घरात लहान मुलं आहेत)

प्रश्न : अंगणकर

घरामागे 12 बाय 24 फुटांचा पूल आहे, उथळ बाजूला 3 फूट पाणी. बैठकीच्या खोलीचं सरकतं दार थेट पूलकडे उघडतं. मुलं दोन, अडीच वर्षांचं आणि पाच वर्षांचं. आवाराची भिंत 6 फुटी असल्यामुळे पूलला वेगळं कुंपण नको, असं कंत्राटदार म्हणतो. दाराला वर कडी लावली आणि पाण्यावर बबल कव्हर टाकलं तर भागेल का? की अलार्मही लागेल?

प्रतिसाद : बिजागरी

नाही भागणार. आवाराची भिंत बाहेरच्या मुलांना अडवते. तुमची दोघं तर भिंतीच्या आतच आहेत. लहान मुलं बुडतात ती बहुतेकदा पोहायची वेळ नसताना. मोठ्यांना वाटतं मूल घरात खेळतंय, आणि तेवढ्यात ते दारातून निसटलेलं असतं. त्यामुळे कुंपण पूलच्या चारही बाजूंनी हवं, घराच्या बाजूनेसुद्धा. दाराची कडी मोठी माणसं दिवसातून वीसदा काढतात आणि एकदा लावायला विसरतात.

उंची किमान 4 फूट. जागा असेल तर 5 फूटच करा. उभ्या गजांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा कमी. आडव्या पट्ट्या पूलच्या बाजूला घ्या, बाहेरून पाय ठेवायला आधार मिळता कामा नये. साखळीजाळी (तारांची विणलेली जाळी) वापरणार असाल तर छिद्र पावणेदोन इंचांहून मोठं नको, नाहीतर पायाची बोटं अडकवून मूल वर चढतं. खाली माती असेल तर फट 2 इंचांच्या आत ठेवा, कारण माती पावसात वाहून जाते आणि फट वाढते. कुंपणापासून 3 फुटांत खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी काही ठेवू नका.

खरी परीक्षा फाटकाची. ते पूलच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडलं पाहिजे. मग लॅच (फाटक मिटल्यावर आपोआप अडकणारी कडी) नीट अडकलं नसलं तरी बाहेरून मुलाने ढकलल्यावर ते मिटतं. बिजागऱ्या स्प्रिंगच्या, आपोआप मिटणाऱ्या घ्या. लॅच जमिनीपासून किमान 54 इंचांवर हवं. फाटक 4 फुटीच असेल तर लॅचचा खांब वर वाढवून घ्या. दर महिन्याला फाटक एकदा पूर्ण उघडून सोडा आणि एकदा जेमतेम वीतभर उघडून सोडा. दुसऱ्या वेळी बहुतेक फाटकं नापास होतात. मिटण्याचा जोर कमी असतो, स्प्रिंग सैल झालेली असते किंवा खांब झुकून लॅच पाव इंच खाली गेलेलं असतं, त्यामुळे फाटक टेकतं पण अडकत नाही. लांबून बंदच दिसतं. आणि फाटकाला वीट लावून ते उघडं ठेवायची सवय घरात कुणालाही लागू देऊ नका.

प्रतिसाद : फिल्टरवाला

बबल कव्हर पाणी गरम ठेवण्यासाठी असतं. त्यावर मुलाने पाय ठेवला की ते खाली दबतं, मूल आत जातं आणि कव्हर पुन्हा वर पसरतं. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. ताणून बसवायचं, माणसाचं वजन पेलणारं सेफ्टी कव्हर ही वेगळी वस्तू आहे. तेही दर वेळी पूर्ण लावायचं, आणि त्यावर साचलेलं पाणी काढून टाकायचं. त्या साचलेल्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

तळाच्या निचऱ्याची जाळी बघा. सपाट, तुटकी किंवा स्क्रू निघालेली असेल तर पंप चालू असताना केस किंवा हात ओढला जातो, मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. घुमटाकार, अडकू न देणारी जाळी बसवा. एकाच पंपावर दोन निचरे, एकमेकांपासून किमान 3 फुटांवर, ही रचना उत्तम. जाळी निघालेली दिसली तर पंप बंद, आणि नवी बसेपर्यंत पूलही बंद. पंपाचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

अलार्म जरूर लावा, पण कुंपणाच्या जोडीला. पाण्यातला अलार्म वाजतो तेव्हा मूल पाण्यात पडलेलं असतं. सरकत्या दारावरचा अलार्म त्याआधी वाजतो, म्हणून पहिला पैसा तिथे घाला.

अंगणकर

दारापासून पूलची कड फक्त 4 फुटांवर आहे. काढता-घालता येणारी जाळी चालेल का?

प्रतिसाद : बिजागरी

चालेल. फरशीत भोकं पाडून नळ्या बसवतात, त्यांत खांब उभे राहतात. जाळी हाताने दाबली तर ताठ लागली पाहिजे. मात्र फाटक वरच्याच नियमांचं घ्या. फाटक नसेल तर पोहण्यासाठी जाळीचा एक भाग काढला जातो आणि संध्याकाळी तसाच राहतो.

प्रतिसाद : काठावरून

मुलं पाण्यात असताना एकाच मोठ्या माणसाची पाळी लावा, 15-15 मिनिटांची. फोन बाजूला, आणि हात लांबवला की छोट्याला धरता येईल इतक्या अंतरावर पाण्यातच उभं राहायचं. "सगळे आहेत की" म्हणजे कुणीच बघत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेशी, डोकं मागे, हात खाली दाबल्यासारखे, आणि सगळं शांत. दंडात घालायचे हवेचे फुगे निसटतात, त्यांच्यावर विसंबू नका. पोहण्याचे कपडे नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या. निळा रंग पाण्यात हरवतो. खेळणी पोहून झाल्याबरोबर बाहेर काढा, तरंगता चेंडू बघून मूल परत येतं.

मूल दिसेनासं झालं तर आधी पूल बघा, मग घर.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं धरू नका, पोट दाबू नका; त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. फोन स्पीकरवर ठेवून मदत बोलवा. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, मिनिटाला 100 ते 120. हे एकदा प्रशिक्षकासमोर पुतळ्यावर करून बघा, वाचून हाताला अंदाज येत नाही. मूल शुद्धीवर आलं, रडलं, तरी लगेच रुग्णालयात न्या. खोकला आणि धाप पुढच्या काही तासांत वाढू शकते.