गिऱ्हाईक दिसत नाही, तरी दुकान चालतं कसं?

ठाकूरद्वारकर
गिरगावात काटे-वजनांचं एक जुनं दुकान आहे. सहा वर्षं रोज संध्याकाळी त्याच्यासमोरून जातो, आत गिऱ्हाईक फार तर दोनदा दिसलं. काका पेपर वाचत बसलेले असतात. शेजारच्या गाळ्यात तेवढ्यात तीन धंदे आले आणि गेले. माझं मत स्पष्ट आहे: पागडीचं, म्हणजे मालकाला आधी एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या गाळ्याचं नाममात्र भाडं, नाहीतर दोन नंबरचा पैसा. तिसरं कारण असूच शकत नाही.

वजनकाटा
आमचंही असंच दुकान आहे, डोंबिवलीत. पागडी नाही, चालू दराचं भाडं. अहो, हा धंदा दुकानात होतच नाही, बाजारात होतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी फेरपडताळणी करून घ्यावीच लागते, वैधमापनशास्त्र विभागाचा नियम आहे. भाजीवाला, किराणावाला, सोनार, रद्दीवाला, कुणालाच सुटका नाही. बाबा परवानाधारक दुरुस्तीवाले. सकाळी पिशवी घेऊन निघतात. एखादं वजन उलटं करून बघा, तळाला शिसं भरलेलं दिसेल. वजन झिजलं की तिथे शिसं ओतून भरती करतात, मग निरीक्षक त्यावर शिक्का मारतो. वितळलेल्या शिशाचा वास आमच्या घराला कायम असायचा. बाबांच्या वहीत चारशे गिऱ्हाइकं आहेत, पायरी चढणारी दहासुद्धा नसतील. दोन नंबरचा पैसा म्हणालात, ते फार लागलं.

बंद_शटर
ताई, तुमच्या बाबांचे कष्ट मान्य. पण दक्षिण मुंबईतल्या जुन्या गाळ्यांचं गणित वेगळं आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. म्हणजे दोनशेचं भाडं दहा वर्षांनी तीनशेलाही पोचत नाही. मी परळला महिना साठ हजारांनी गाळा घेऊन स्टेशनरीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक भरपूर होतं, तरी दोन वर्षांत शटर ओढलं. भाड्यानेच खाल्लं मला.

चाळकरी
पागडी काय फुकट मिळाली होती? आजीच्या पाटल्या मोडून आजोबांनी ती भरली. आता मालक दुरुस्तीला हात लावत नाही. पावसाळ्यात मालावर ताडपत्री टाकून बसतो आम्ही.

ठाकूरद्वारकर
आज मुद्दाम सकाळी साडेदहाला गेलो. काका भुलेश्वरला काटे तपासायला गेले होते. दुकानात पोरगा एकटाच, बाकावर अकरा वजनं उलटी मांडलेली, ताजं शिसं चमकत होतं. दोन नंबरचा शब्द मागे घेतो, ताई, चुकलंच माझं. भाड्याचं मात्र मागे घेत नाही. पोराला विचारलं, तर महिना चारशे ऐंशी म्हणाला.