पोर्टा पॉटी (बोटीवरचा उचलून नेता येणारा संडास) सॅन फ्रान्सिस्को बे मध्येच ओतायची की किनाऱ्यावर आणायची?

शिडकरी:
बर्कलीला आमची कॅटालिना २२ ही छोटी शिडाची बोट असते. परवा बे मधल्या एंजल आयलंड बेटाला मुरिंगवर (बोट बांधायच्या बोयावर) थांबलो होतो तर शेजारच्या बोटवाल्याने पोर्टा पॉटीची खालची टाकी सरळ पाण्यात ओतली, आणि पलीकडे पोरं पाण्यात उतरलेली. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ नॉटिकल मैलांच्या आत कच्चा मैला सोडायला बंदी आहे, म्हणजे अख्खा सॅन फ्रान्सिस्को बे आला की त्यात. टाकी भरली की डंप स्टेशनला (किनाऱ्यावर टाकी रिकामी करायच्या जागी) न्यायची, यात वाद कसला?

पश्चिमवारा:
वाद आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं, जोराचा पाऊस झाला की ते न झेपून बाहेर सुटतं, त्या सांडपाण्याच्या परवान्यावरून शहर आणि ईपीए (केंद्र सरकारची पर्यावरण संस्था) सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २०२५ ला निकाल लागला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बे मध्ये शेवाळ माजून स्टर्जनसकट ढीगभर मासे मेले, ते शेवाळ पोसलं सांडपाणी केंद्रांतून येणाऱ्या नायट्रोजनवर. आणि नियम कुणाला, तर माझ्या २० लिटरच्या टाकीला! आमच्या मरीनात (बोटी ठेवायच्या धक्क्यावर) पंपआउट, म्हणजे टाकीतला मैला ओढून घेणारा पंप, सदानकदा बंद, चालू असलं तरी त्याची नळी डेकवरच्या फिटिंगला बसते, माझ्या साध्या पॉटीला फिटिंगच नाही. मग ओहोटीला तरंगत्या धक्क्यावरून किनाऱ्यावर जाणारा रँप उभा चढ झालेला असताना २० किलोचं धूड हातात घेऊन वर चढायचं. साठीच्या माणसाने करून बघावं.

शिडकरी:
दादा, रँपचं मान्य. पण केंद्रातून येतं ते जंतू मारून येतं, तुमच्या टाकीतलं कच्चं. आणि ओतता कुठे तर आडोशाच्या कोव्हमध्ये (छोट्या खाडीत), जिथे पाणी धड खेळत नाही आणि लोक पोहतात. रिचर्डसन बे मध्ये तर प्रक्रिया केलेलं पण सोडू देत नाहीत, तिथे ईलग्रास या समुद्री गवतावर हेरिंग मासा अंडी घालतो.

केबिनवाली:
मी शिडकरींच्या बाजूने. पश्चिमवारा, टाकी काठोकाठ भरू कशाला देता? अर्धी झाली की न्यायची, वजनही अर्धं. ओतताना तोटी बाहेर फिरवून घ्या आणि हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गचके देत येतं आणि सगळं अंगावर उडतं. आणि बंद पंपाबद्दल गप्प बसू नका. १९९२ च्या क्लीन व्हेसल ॲक्टखाली पंपआउट आणि डंप स्टेशनला जे अनुदान मिळतं ते आपण बोटीचं पेट्रोल आणि मासेमारीचं सामान घेतो त्याच्या करातून येतं, पैसा आपलाच आहे, मरीनाच्या ऑफिसला लेखी तक्रार द्या.

पश्चिमवारा:
तक्रार देतो. तोपर्यंत मैला घट्ट करणाऱ्या जेल पावडरच्या पिशव्या वापरीन, घट्ट बांधून कचऱ्यात. पण लघवी पाण्यातच जाणार, त्यात काय एवढे जंतू असतात, ते मला कुणी पटवू शकणार नाही.

केबिनवाली:
पिशव्या एखाद्या दिवसाला ठीक, दर वीकेंडला एवढं प्लास्टिक मला नाही पटत. आणि लघवीत नायट्रोजनच असतो, २०२२ चं उदाहरण तुम्हीच दिलंत ना.

पश्चिमवारा:
एका बोटीच्या लघवीने शेवाळ नाही माजत हो ताई.

शिडकरी:
एका बोटीच्या नाही, पण लाँग वीकेंडला त्या कोव्हमध्ये किती बोटी असतात ते बघितलंय ना तुम्ही?