मदत हवी आहे : भाचीला इस्रोत जायचंय, तयारी कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी, माझी भाची आठवीत आहे, तासगावजवळच्या खेड्यात, मराठी मिडीयम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान ३ उतरताना आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो आणि कंट्रोल रूममधल्या साड्या नेसलेल्या बायका बघून तिने जे ठरवलंय ते अजून सुटलेलं नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य एल१ मोहिमेच्या प्रोजेक्ट डायरेक्टर निगार शाजी तमिळनाडूतल्या सेंगोट्टईसारख्या छोट्या गावच्या, हे कळल्यापासून तर वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहून ठेवलंय पोरीने.

मला एवढं माहितीय की इस्रोचा युविका प्रोग्राम (शाळकरी मुलांना अंतराळ विज्ञान शिकवणारं शिबिर) नववीच्या मुलांसाठी असतो, त्यात आठवीचे मार्क, ऑनलाईन क्विझ, विज्ञान प्रदर्शन हे सगळं धरतात आणि खेड्यातल्या शाळांना जास्तीचे गुण आहेत. कुणाची मुलगी जाऊन आलीय का? प्रदर्शनाचं सर्टिफिकेट कुठल्या लेव्हलचं लागतं?

दुसरं म्हणजे तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीला (अंतराळ विज्ञानाचं कॉलेज) बारावीनंतरची जेईई ॲडव्हान्स्ड ही प्रवेश परीक्षा लागते, पण घरी तिचे वडील म्हणतात दहावीनंतर डिप्लोमा कर, मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं. डिप्लोमावाल्यांनाही इस्रोत टेक्निकल असिस्टंट म्हणून घेतात हे मी वाचलंय, पण तिला इंजिनिअरच व्हायचंय, आणि माझ्या मते तिने अकरावी-बारावीच करावी. दाजींना कसं पटवू? तुमच्यापैकी कुणाची मुलगी तिकडे शिकत असेल तर हॉस्टेल कसं आहे तेवढं सांगा प्लीज, त्यांची खरी काळजी तीच आहे. आणि मराठीतून इंग्लिशमध्ये सायन्स शिकताना सुरुवातीला काय वाचायला द्यावं तेही सांगा.