मदत हवी आहे: ठाण्याच्या उन्हाळ्यात जिवंत स्फॅग्नम मॉस कसे जगवावे?

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ सातव्या मजल्यावर राहतो आणि पूर्वेकडच्या गॅलरीत काही वर्षांपासून ऑर्किड लावतो. ऑर्किडसाठी आपण जे वाळलेले मॉस विकत आणतो, तेच घरी जिवंत वाढवावे या इच्छेने मागच्या जुलैमध्ये एका बागप्रेमी स्नेह्यांकडून मूठभर हिरवे स्फॅग्नम आणले. भोके पाडलेल्या पसरट डब्यात वाळलेल्या मॉसचा भिजवलेला थर देऊन त्यावर शेंडे उभे लावले आणि डबा पाण्याच्या ताटात ठेवला. पावसाळाभर केवळ पावसाचे पाणी दिले. दिवाळीपर्यंत ते इतके दाटले होते की वरून पाहताना प्रत्येक शेंडा इवल्याशा ताऱ्यासारखा दिसे आणि बोटाने हलकेच दाबले तरी पाणी वर येई.

जानेवारीत साठवलेले पाणी संपले आणि मी नळाचे पाणी देऊ लागलो, ही माझी चूक झाली असावी. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणाऱ्या मीटरवर ते ९० दाखवत होते. स्फॅग्नमला मुळे नसतात, ते सर्वांगाने पाणी शोषते आणि पाणी उडून गेल्यावर क्षार शेंड्यांतच साचतात, हे मी नंतर वाचले. फेब्रुवारीअखेरीपासून एसीचे पाणी देतो आहे. त्याचा टीडीएस १५च्या आत आहे. तरीही मार्चमध्ये शेंडे पांढरे पडले. कोरडे पडल्यावर पोकळ पेशींत हवा भरून स्फॅग्नम फिकट दिसतेच, परंतु हे शेंडे भिजवूनही पुन्हा हिरवे झाले नाहीत. शिवाय खालच्या थरावर बुळबुळीत काळपट हिरवा लेप आला आहे. (मराठीत आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो, येथे मला मॉस नव्हे, तर अल्गी म्हणायचे आहे.)

सध्या गॅलरीत दुपारी ३६ अंश असतात आणि रात्रीही पारा २८च्या खाली येत नाही. झाकण लावले तर ओलावा टिकतो, पण डबा आतून तापतो. काढले तर संध्याकाळपर्यंत शेंडे सुकतात. ऊन सकाळी दोन तास, तेही हिरव्या जाळीतून येते.

डबा मातीच्या परळात ओल्या वाळूवर ठेवून पाहावा, असे मनात आहे. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वावर हे चालावे, पण आपल्याकडच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते, त्यामुळे कितपत गारवा मिळेल याची शंका वाटते. ठाणे, नवी मुंबई किंवा कोकणपट्टीत कोणी स्फॅग्नमला मे महिना पार करून दिला असल्यास त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटेल, कारण महाबळेश्वरच्या हवेतले उपाय येथे लागू पडत नाहीत. एसीच्या पाण्यात तांब्याच्या नळ्यांचा अंश उतरून मॉसला अपाय होतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

डब्याच्या एका कोपऱ्यात अजून नऊ-दहा शेंडे हिरवे आहेत. ते कापून, स्वच्छ पाण्यात खळबळून, पाऊस येईपर्यंत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, की आहेत तेथेच राहू द्यावेत, एवढे कृपया आधी कळवावे.